रंगीत ठिपक्यामागचे गणित

फंक्शनल एमआरआयमध्ये मेंदूच्या हालचालीचा माग रक्तावरून काढला जातो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त गरजेपेक्षाही जास्त धावते. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण वेगळे असल्याने यंत्राला हा फरक जाणवतो. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर हे दाखवले. मात्र हा फरक जेमतेम काही टक्क्यांचा असतो आणि पाच-सहा सेकंद उशिराने उमटतो. माणसाने डोके किंचित हलवले तरी तो झाकोळून जातो.

हाती येतात ते नुसते आकडे. मेंदूचे सुमारे लाखभर सूक्ष्म घन, म्हणजे व्हॉक्सेल, कल्पिले जातात आणि प्रत्येकाची दर दोन-तीन सेकंदांनी नोंद होते. या राशीतून अर्थ काढण्यासाठी लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘एसपीएम’ ही संगणकप्रणाली रचली आणि ती सर्वांना मोफत दिली. सगळे मेंदू एका प्रमाण साच्यात बसवायचे आणि मग प्रत्येक व्हॉक्सेलची स्वतंत्र संख्याशास्त्रीय चाचणी घ्यायची, ही तिची रीत.

खरी अडचण इथेच आहे. चुकीची शक्यता हजारात एक इतकी कमी धरली, तरी लाख चाचण्यांमध्ये शंभरएक व्हॉक्सेल निव्वळ योगायोगाने ‘सक्रिय’ दिसणार. अमेरिकी संशोधक क्रेग बेनेट यांच्या गटाने २००९ मध्ये हे फार प्रभावीपणे दाखवून दिले. त्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. नेहमीच्या ढिल्या निकषाने माशाच्या मेंदूतही सक्रिय ठिपके निघाले. अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती लावताच ते सगळे नाहीसे झाले.

पण दुरुस्तीचे गणितही तपासावे लागते. स्वीडनच्या अँडर्स एकलुंड यांनी सहकाऱ्यांसह ४९९ निरोगी माणसांच्या विश्रांतीतील नोंदी घेतल्या. त्यांतून यादृच्छिक गट पाडून सुमारे ३० लाख विश्लेषणे केली. गटांत खरा फरक नसल्याने खोटे निष्कर्ष पाच टक्के निघायला हवे होते. ठिपक्यांच्या पुंजक्यांवर आधारलेल्या पद्धतींत ते काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत गेले. शेजारच्या व्हॉक्सेलमधील साम्य अंतरानुसार कसे ओसरते, याबद्दलचे गृहीतक प्रत्यक्षाशी जुळत नव्हते. गटांची अदलाबदल हजार वेळा करून योगायोगाची मर्यादा थेट नोंदींतूनच काढणारी पद्धत बरीच भरवशाची ठरली. ती संगणकावर फार भार टाकते, पण तो खर्च सोसण्याजोगा आहे. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात १०८ जणांच्या एकाच संचातील नोंदी संशोधकांच्या ७० गटांना देण्यात आल्या आणि नऊ प्रश्नांची उत्तरे मागवली गेली. कोणत्याही दोन गटांची विश्लेषणाची वाट एक नव्हती आणि निष्कर्षांतही मोठा फरक पडला. मात्र निकष लावण्यापूर्वीचे अनेक गटांचे नकाशे एकमेकांशी बरेच जुळत होते. म्हणून निवडक ठिपक्यांच्या चित्रासोबत हा पूर्ण नकाशाही खुला ठेवावा, असा आग्रह त्या संशोधकांनी धरला.