बेवारस यूएसबी उपकरणे आणि संगणक सुरक्षा

बेवारस सापडलेला पेन ड्राइव्ह किंवा यूएसबी टोकन संगणकाला जोडणे हा संगणक सुरक्षेतील एक मोठा धोका मानला जातो. टोकन हरवल्यास धोका त्याच्या मालकालाही असतो.

पेन ड्राइव्ह
अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या परिसरात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेन ड्राइव्ह टाकून ठेवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्यांपैकी किमान ४५ टक्के ड्राइव्हमधील फाइल लोकांनी उघडल्या. फाइल न उघडताही अपाय होऊ शकतो. उपकरणातील मूळ आज्ञावली बदललेली असल्यास ते स्वतःला कळफलक म्हणून सादर करते व संगणकाला आज्ञा देते. हा प्रकार २०१४ साली 'बॅडयूएसबी' या नावाने उघडकीस आला.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन
उल्हासनगरसह महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या ई-निविदा भरताना कंत्राटदारांना असे टोकन लागते. त्यातील खासगी कळ सहसा बाहेर काढता येत नाही; मात्र टोकन व पिन दोन्ही हाती लागल्यास मालकाच्या नावे स्वाक्षरी करता येते. त्यामुळे टोकनवर पिन लिहून ठेवणे घातक ठरते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी कळ सुरक्षित राहिली नसल्यास प्रमाणन प्राधिकरणाला विनाविलंब कळवणे बंधनकारक आहे. तसे कळवेपर्यंतची जबाबदारी धारकाचीच राहते.

दक्षता
सापडलेले उपकरण संगणकाला न जोडता संबंधित कार्यालयात किंवा पोलिसांकडे जमा करावे. टोकन हरवल्यास प्रमाणपत्र त्वरित रद्द करून घ्यावे.