हुकूम शब्दाचा की सुराचा?

परतवाड्याहून धारणीकडे जाताना, सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. मेळघाटातल्या या गावात गुरे परतण्याच्या वेळी रस्त्याकडेला घटकाभर उभे राहावे. माणूस जनावराशी कसा बोलतो, ते नीट ऐकायला मिळते. 'यू, यू, यू' अशी तुटक, भराभर हाक गेली, की कुत्रे धावत येते. 'छू!' म्हटले, की झेप घेते. बैलाला थांबवायचे तर मात्र 'होऽऽ' असा लांबवलेला, उतरत जाणारा सूर लागतो. या शब्दांचा अर्थ कोणत्या कोशात शोधायचा? तो सुरातच आहे.

पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकन अभ्यासिकेने नाना भाषा बोलणाऱ्या मेंढपाळांच्या आणि पशुशिक्षकांच्या हाका ध्वनिमुद्रित केल्या. भाषा वेगळ्या, पण रीत एकच निघाली. जनावराला हलवायचे तर आखूड, पुन्हा पुन्हा येणारे स्वर. थोपवायचे तर एकच लांब स्वर. मग त्यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग केला आणि १९९० साली तो प्रसिद्ध केला. आखूड, चढत्या स्वरांनी पिले अधिक हालचाल करतात, असे त्यात दिसले. आमच्या गुराख्याला हे कोणी शिकवले नव्हते.

म्हणून कुत्र्याला शब्द कळतच नाहीत, असे मात्र नव्हे. २०१६ साली हंगेरीतल्या संशोधकांनी १३ कुत्र्यांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवले आणि त्यांना मालकिणीसारख्या ओळखीच्या शिक्षिकेचा आवाज ऐकवला. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर एकत्र आले, तेव्हाच मेंदूतला सुखाचा भाग जागा झाला. कोरड्या आवाजातली शाबासकी फुकट गेली.

हा विषय मेळघाटात नुसता कुतूहलाचा राहत नाही. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. २०१३ साली इथल्या ढाकणा भागातले वाघाच्या शिकारीचे प्रकरण उघडकीस आले आणि सगळे हादरले. शिकारी टोळ्यांचा माग काढण्यासाठी वास घेणारी कुत्री हे आता वनखात्याचे एक हत्यार आहे. 'ट्रॅफिक' या संस्थेने २००८ साली अशा श्वानांच्या शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रालाही त्यातून श्वान मिळाले. एका श्वानामागे दोन हँडलर असतात. कातडे, हाडे, नखे यांचा वास श्वानाला ओळखता येतो. परंतु 'शोध' म्हणणारा आवाज माणसाचा असतो, आणि त्या आवाजात माणसाची घाई, भीती, राग हे सारे उतरते.

अमेरिकेतल्या लिसा लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ श्वान आणि त्यांचे हँडलर यांना एका चर्चमध्ये झडतीसाठी नेले. काही ठिकाणी लाल कागद लावले होते, आणि तिथे माल लपवला आहे, असे हँडलरांना सांगितले होते. प्रत्यक्षात माल कुठेच नव्हता. तरीही १४४ झडत्यांपैकी केवळ २१ झडत्या विनाइशारा पार पडल्या. हँडलरच्या कल्पनेचा रंग निकालाला चढला होता. ती कुत्र्यापर्यंत आवाजातून पोचली, नजरेतून की चालण्यातून, की कुत्र्याने काही न करताच हँडलरने 'इशारा झाला' म्हटले, हे त्या प्रयोगातून सांगता येत नाही. पण हँडलर जे मनात धरतो, ते निकालात उमटते, एवढे खरे.

आता हेच एखाद्या पाड्यावर घडले तर? शिकार झालेली, वरून दट्ट्या आलेला, गावात एकावर आधीच संशय. त्या झोपडीपाशी हँडलरचा सूर नकळत चढला आणि कुत्रे तिथेच बसले, तर एका कोरकू माणसाच्या पायांत बेडी पडू शकते. कुत्र्याने बोट दाखवले म्हटल्यावर गाव त्याचे काय ऐकणार?

आमच्या न्यायालयांनी हा धोका फार पूर्वी ओळखला. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याचा विचार केला. कुत्र्याला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने त्याचा सोबती बोलतो. कुत्र्याचीही चूक होऊ शकते, ही अडचण न्यायालयाने नोंदवली. अशा पुराव्याला तेव्हा फारसे वजन मिळाले नाही.

उपाय खर्चाचा नाही. झडती घेणाऱ्या हँडलरला संशयिताचे नाव, घर सांगू नये. प्रत्येक दारापाशी हुकूम त्याच शब्दात, त्याच पट्टीत द्यावा. सरावात मुद्दाम रिकाम्या जागाही ठेवाव्यात, आणि 'इथे काही नाही' असे कुत्र्याने दाखवले, तरी त्याला मनापासून शाबासकी मिळावी.

'शोध' हा दिसायला हुकूम असला, तरी त्याच्या पोटात प्रश्न असतो. उत्तर ठाऊक असल्याच्या सुरात तो विचारला, तर बिचारे इमानी जनावर आपलेच उत्तर आपल्या पायाशी आणून ठेवते.