बॉलिंगचा वेग पायात. पाय चुकला तर कंबर धरते

कोल्हापूर : सुगी आटोपली की गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात. "हाताला जोर लाव," हा बॉलरला हमखास मिळणारा सल्ला. पण वेग येतो पायातून. जिल्ह्याला ही कला नवी नाही. १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध कसोटी खेळलेले मध्यमगती गोलंदाज सदाशिव पाटील कोल्हापूरचेच.

शेवटच्या उडीनंतर आधी मागचा पाय टेकतो, मग पुढचा. पुढचा पाय घट्ट रोवला की धावण्याचा जोर कंबर, खांद्यातून हातात जातो. गुडघा ढिला पडला तर जोर तिथंच जिरतो. बेसबॉलचा पिचर तर धावतही नाही. मागच्या पायानं रबरी पट्टी रेटून, लांब पाऊल टाकून तो ६० फूट ६ इंचांवरच्या फलंदाजाकडं चेंडू फेकतो.

धोका कुठं?
कंबर एका दिशेला अन् खांदे दुसऱ्या, असं झालं की कणा पिळतो. त्यात पुढच्या पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. वाढत्या वयात हे रोज घडलं तर मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो.

काय करावं?
- मागचं पाऊल क्रीजला समांतर पडत असेल तर खांदेही आडवे ठेवा. पंजा फलंदाजाकडं असेल तर छातीही तिकडंच.
- मोबाइलवर मागून आणि बाजूनं स्लो मोशन व्हिडिओ काढून तपासा.
- लहान पोरांना सलग जास्त ओव्हर देऊ नका.
- कंबर दुखत राहिली तर मलम चोळून खेळू नका. बॉलिंग थांबवा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.