गाडीचा धूर आणि खिशातलं पेट्रोल

जुनी मोटार बाळगणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. 'साहेब, सायलेन्सरच्या आधीचं ते जाळीचं डबडं काढून टाका. गाडी मोकळी होईल, अ‍ॅव्हरेज वाढेल.' मोटार दुरुस्तीचा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आहे, त्यामुळे हा सल्ला खरा की खोटा, असं मला नेहमी विचारलं जातं. 'खोटा' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण प्रदूषण रोखायचं तर पेट्रोल जास्त लागणार, या समजाला एके काळी आधार होता.

तो काळ अमेरिकेतला, १९७३-७४ चा. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे तिथल्या कारखानदारांना धुरातले विषारी वायू कमी करणं भाग पडलं. हाताशी चांगलं साधन नव्हतं. मग त्यांनी इंजिनालाच वेसण घातली. प्लगची ठिणगी उशिरा पाडली, कॉम्प्रेशन कमी केलं, जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडला. वायू कमी झाले, पण गाड्या जास्त पेट्रोल पिऊ लागल्या. त्यातच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. लोक चिडले आणि प्रदूषणाच्या नियमांवर बोट ठेवू लागले.

पुढे १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. आपल्या मिस्त्रींचं ते 'जाळीचं डबडं' हेच. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. वायू साफ करण्याचं काम आता इंजिनाच्या बाहेर, या डब्यात होऊ लागलं. त्यामुळे इंजिन पुन्हा त्याच्या सोयीने जुळवता आलं आणि अ‍ॅव्हरेज सुधारलं. ज्याच्यावर पेट्रोल खाण्याचा आळ येतो, त्यानेच तेव्हा पेट्रोल वाचवायला मदत केली!

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच्या सोबतीने शिसेविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाचा थर बसला की कन्व्हर्टर निकामी होतो. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागलं. सुरुवातीच्या अनेक गाड्यांना मात्र कन्व्हर्टरबरोबर जुना कार्ब्युरेटरच होता. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण मिस्त्रीच्या स्क्रू-ड्रायव्हरवर अवलंबून. सगळी मेख याच प्रमाणात आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोलमधला कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कार्बन पूर्ण जळला तर जेवढी उष्णता मिळते, तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उष्णता अशा अर्धवट जळण्यातून मिळते. उरलेली तुमच्या पैशाची ताकद नळीवाटे बाहेर जाते. म्हणून पीयूसीच्या कागदावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मी पेट्रोलच्या हिशेबासारखा वाचतो. आकडा चढला, की पंपावरचा खर्चही चढला असं समजा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हे प्रमाण ऑक्सिजन सेन्सर सांभाळतो. धुरातला ऑक्सिजन मोजून तो संगणकाला खबर देतो आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. सेन्सर म्हातारा झाला की चुकीची खबर जाते आणि गरज नसताना पेट्रोल ओतलं जातं. असा बिघडलेला सेन्सर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकी सरकारची इंधन-बचतीची माहिती सांगते. प्रत्येक गाडीत एवढा फरक पडणार नाही, पण चोर कुठे शोधायचा ते यावरून कळतं.

इतर साधनांचंही तसंच. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि नंतर इंजिनात जाळतात. उडून गेलं असतं ते पेट्रोल कामी येतं. थोडी किंमत मोजावी लागते, हेही खरं. कन्व्हर्टरमुळे धुराच्या वाटेत जरासा अडथळा येतो. शिवाय तिन्ही मुख्य विषारी वायू साफ करायचे तर मिश्रण १४.७ च्या आसपासच ठेवावं लागतं. हवा आणखी वाढवून थोडी बचत करण्याची मुभा राहत नाही. पण हा खर्च किरकोळ आहे.

कन्व्हर्टर तुंबला तर मात्र गाडी दमते आणि पेट्रोल खाते. अशा वेळी तो का तुंबला हे आधी विचारा. प्लग चुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. इंजिन ऑइल जाळत असेल तर छिद्रांवर थर बसतो. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जातो. आपल्याकडे गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची खोड आहे. त्यामुळे इंजिन थंडच राहतं, संगणक जास्त पेट्रोल देत राहतो, आणि दोष मात्र डबड्याला मिळतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं आहे. त्यात ऊर्जा कमी असल्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, तेही कन्व्हर्टरचं पाप नव्हे.

तेव्हा अ‍ॅव्हरेज घटलं तर आधी प्लग, एअर फिल्टर, थर्मोस्टॅट आणि ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर त्याचं प्रमाण वायू मोजणाऱ्या यंत्रावर जुळवून घ्या. कन्व्हर्टर मात्र काढू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. सिग्नलला तुमच्या मागे स्कूटरवर आईला बिलगून बसलेलं पोर असतं, त्याच्या नाकाशी तुमच्या गाडीची नळी असते. नीट राखलेली जुनी गाडी त्या पोराचा श्वास आणि तुमचं पेट्रोल, दोन्ही वाचवते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)