चित्र काढतंय कोण?

लिनक्सच्या पडद्यावर विंडो ओढली की ती ओल्या पापडासारखी लवते. बंद केली की विरत जाते. चार डेस्कटॉप एका ठोकळ्याच्या चार बाजू होऊन गरागरा फिरतात. या सगळ्याला डेस्कटॉप इफेक्ट म्हणतात. नोव्हेल कंपनीतल्या डेव्हिड रेव्हमन यांनी 2006 च्या सुरुवातीला ‘कॉम्पिझ’ हा प्रोग्राम पुढे आणला. त्याच वर्षी त्यातून ‘बेरिल’ फुटून निघाला आणि 2007 मध्ये दोन्ही गट एकत्र येऊन ‘कॉम्पिझ फ्यूजन’ झाला. ऑक्टोबर 2007 च्या उबुंटू 7.10 मध्ये, यंत्राची कुवत असेल तिथे, हे इफेक्ट आपोआप चालू असत. पुढे मॅटे डेस्कटॉपवर कॉम्पिझ जोडता येऊ लागला, तर केडीई डेस्कटॉपने स्वतःचे इफेक्ट ‘के-विन’मध्ये दिले.

हे चालतं कसं ते समजलं तरच बिघाड सापडतो. इफेक्ट बंद असताना प्रत्येक विंडो थेट पडद्यावर उमटते. चालू असताना ती आधी मेमरीत बाजूला काढली जाते आणि ‘कंपोझिटर’ नावाचा प्रोग्राम सगळ्या विंडो एकावर एक रचून अंतिम चित्र तयार करतो. साध्या लॅपटॉपच्या पडद्यावर 1366 गुणिले 768 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला 4 बाइट धरले, तर पडदाभर पसरलेल्या एका विंडोला सुमारे 4 एमबी मेमरी लागते. हे चित्र सेकंदाला 60 वेळा नव्यानं रचायचं, म्हणजे सेकंदाला 6 कोटींहून अधिक ठिपके. ग्राफिक्स चिपसाठी हे रोजचं काम आहे. मुख्य प्रोसेसरवर ते पडलं, की तो दमतो.

म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न एकच: चित्र काढतंय कोण? टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ चालवलं की ‘ओपनजीएल रेंडरर’ अशी एक ओळ येते. तिच्यापुढे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाच्या चिपचं नाव असेल, तर पाया पक्का आहे. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं दिसलं, तर चिप स्वस्थ बसली आहे आणि सगळी चित्रं प्रोसेसर काढतो आहे. पंखा घोंघावत असतो, विंडो ओढली की कर्सरच्या मागे रखडत येते, तरी कुठेही चूक म्हणून संदेश येत नाही. बरेच जण याच टप्प्यावर हात टेकतात आणि ‘फॉरमॅट मारू’ म्हणतात. ती एक ओळ वाचली असती, तर अख्खा दिवस वाचला असता.

ती ओळ चुकण्याची कारणं मोजकीच आहेत. लिनक्स बसवताना पडदा काळा राहतो, म्हणून कुणीतरी संगणक सुरू करणाऱ्या ‘ग्रब’मध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द टाकतो. काम झाल्यावर तो काढायचं राहून जातं. हा शब्द असेपर्यंत चिपचा खरा ड्रायव्हर उठतच नाही. ग्रबच्या फाइलमधून तो पुसायचा, ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल बदलला आणि त्याच्या हेडर फाइल नसल्या, तर ड्रायव्हरचा भाग नव्यानं बांधला जात नाही. सिक्युअर बूट चालू असेल, तर सहीविना तो आत घेतला जात नाही. जुन्या इंटेल 945 चिपची मर्यादा आणखी वेगळी: तिला 2048 ठिपक्यांहून मोठं चित्र एका तुकड्यात पेलत नाही. दोन पडदे शेजारी जोडले की इफेक्ट बंद पडतात.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, साखरशेतसारख्या गावात, खोडा वेगळ्याच ठिकाणी पडू शकतो. पावसात लाइट जाते, मोबाइलची रेंज येते-जाते, आणि ड्रायव्हरचं किंवा कॉम्पिझचं पॅकेज बसवताना अर्ध्यात अडकतं. पुढच्या वेळी, पॅकेज बसवणारा प्रोग्राम ‘डीपीकेजी मध्येच थांबलं’ असा संदेश देतो. इथे घाबरायचं कारण नाही. ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर ऑल’ हा हुकूम दिला की आधीच उलगडून ठेवलेली पॅकेजेस जागेवर बसतात, आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. काही उतरायचं राहिलं असेल, तर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या संगणकातल्या ‘एपीटी’च्या साठ्यातून डेब फाइल पेन ड्राइव्हवर आणता येतात. जिथे एकेक एमबी मोजून वापरावा लागतो, तिथे हे ज्ञान म्हणजे खरीखुरी बचत आहे.

पॅकेज बसलं, चिपही कामाला लागली, तरी एक क्षण नवख्याला हमखास हादरवतो. कॉम्पिझ सुरू होताच सगळ्या विंडोंच्या डोक्यावरची पट्टी गायब होते. बंद करायची फुली नाही, धरून ओढायला जागा नाही. ही पट्टी रेखाटणं हे ‘डेकोरेटर’चं काम असतं. तो चालू नाही किंवा कॉम्पिझच्या सेटिंग्ज मॅनेजरमध्ये ‘विंडो डेकोरेशन’पुढे खूण करायची राहिली आहे, एवढाच याचा अर्थ. ‘मूव्ह’ आणि ‘रिसाइझ’ या खुणाही तिथेच तपासाव्यात. पडदा पूर्ण गोठला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 दाबून मजकुराच्या पडद्यावर जायचं आणि कॉम्पिझची सेटिंग्ज मूळपदावर आणायची. फाइल कुठेही जात नाहीत, हे शेजारी बसलेल्याला आधी सांगावं.

ठोकळ्याचंही असंच. ठोकळ्याऐवजी दोनच बाजूंचा पत्रा फिरत असेल, तर डेस्कटॉपची आडवी संख्या 4 करायची. ‘वॉल’ आणि ‘क्यूब’ एकत्र नांदत नाहीत, त्यातलं एकच ठेवायचं. लॉगिन ‘वेलँड’ या नव्या चित्रव्यवस्थेत झालं असेल, तर कॉम्पिझ चालणारच नाही. तो जुन्या एक्स-विंडोसाठी लिहिलेला आहे, त्यामुळे लॉगिनच्या पडद्यावर ‘एक्सऑर्ग’ निवडावं लागतं. केडीईमध्ये मात्र फेब्रुवारी 2024 च्या प्लाझ्मा 6 सोबत ठोकळा परत आला.

शेवटची परीक्षा ‘जीएलएक्सगिअर्स’ची. तीन दातेरी चाकं फिरतात आणि टर्मिनलमध्ये दर 5 सेकंदांना आकडा येतो: साधारण 300 फ्रेम, म्हणजे सेकंदाला 60. पडद्याची गती 60 असेल आणि चित्र तिच्याशी जुळलेलं असेल, तर हाच आकडा हवा. पाचशे-सातशे दिसले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण एवढ्याशा खिडकीत प्रोसेसरही तेवढे काढू शकतो. आकडा पाहिल्यावर रेंडररची ओळ पुन्हा वाचावी. तिथे अजूनही ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल आणि चिपला ड्रायव्हरच उपलब्ध नसेल, तर इफेक्ट बंद ठेवणं हीच योग्य दुरुस्ती. पाच-सहा मुलं ज्या एका संगणकाभोवती दाटीनं बसतात, तिथे लवणाऱ्या विंडोपेक्षा न अडखळणारी विंडो मोलाची.