हजेरीचा दिवसही मोजा

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि गिग कामगारांच्या चर्चेत दुचाकीवरून जेवण पोहोचवणारा तरुण सर्वांत पुढे आला. ते रास्तच आहे. त्याचे हाल रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतात. पण लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत दाराआड काम करणारा आणखी एक गिग कामगार आहे. अमेरिकेतल्या फुलवाल्याची वेबसाइट सांभाळणे, सिडनीतल्या दंतवैद्याचे हिशेब लिहिणे, लंडनच्या एखाद्या दुकानातल्या मालाचे फोटो साफ करणे ही त्याची कामे. तिकडचा छोटा व्यावसायिक इंटरनेटवर ‘परवडणारा परदेशी फ्रीलान्सर’ शोधतो तेव्हा त्याला सापडतो तो हाच माणूस. अमेरिकेत दिवस उजाडतो तेव्हा याची रात्रपाळी सुरू होते, तीही दहा बाय बाराच्या खोलीत, झोपलेल्या घरच्यांच्या उशाशी.

या बाजाराच्या उभारणीत मुंबईत शिकलेल्या माणसाचा वाटा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘ईलान्स’ ही फ्रीलान्स कामाची वेबसाइट सुरू करणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे बिरुद शेठ होते. पुढे ईलान्स आणि तशीच दुसरी कंपनी ओडेस्क एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचे ‘अपवर्क’ झाले. दूरच्या माणसाला घरबसल्या काम मिळावे, ही कल्पना मला आजही मोलाची वाटते. पदवी कुठल्या कॉलेजची, इंग्रजीचा उच्चार कसा, यापेक्षा केलेले काम तिथे जास्त बोलते. गिरगावातल्या एखाद्या गृहिणीला लोकलची गर्दी न सोसता डॉलरमध्ये कमावता येते, ही काही लहान गोष्ट नाही.

मात्र काम मागायलाच आधी पैसे मोजावे लागतात. अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट’ विकत घ्यायचे. एक कनेक्ट १५ सेंटला, आणि एका अर्जाला असे अनेक लागतात. काम दुसऱ्याला मिळाले की ते पैसे बुडाले. मिळालेच, तर कमाईतून १५ टक्क्यांपर्यंत शुल्क जाते. फायव्हर ही अशीच दुसरी वेबसाइट तर थेट २० टक्के कापून घेते. डॉलरचे रुपये होताना आणखी काही गळते, ते निराळेच.

गिरणगावात वाढलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. गिरण्यांच्या काळात बदली कामगार रोज पहाटे गेटवर उभा राहायचा. कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याला आत घेतले जाई, नाहीतर तो तसाच परत फिरे. कोणाला घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते आणि त्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांवर जे लिहिले, ते या संहितेचे नियम करणाऱ्यांनी जरूर वाचावे. कामगाराचा आधार गिरणीत जेवढा होता तेवढाच मोहल्ल्यात होता, हे त्यांनी बारकाईने दाखवले. गाववाले, व्यायामशाळा, उधार देणारा वाणी यांच्या बळावर काम नसलेले दिवस आणि संपाचे महिने निघत.

त्या बदली कामगारालाही हळूहळू काही हक्क मिळाले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे आणि रोजची रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची, असा नियम होता. जॉबरच्या मर्जीला त्यामुळे लगाम बसला. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि हजर राहूनही काम न मिळालेल्या कामगाराला निम्म्या वेतनाची भरपाई मिळू लागली. वर्षभर सलग सेवा झालेला बदली कामगारही तिला पात्र होता. गेटवर येऊन उभे राहणे हीसुद्धा सेवाच आहे, हे कायद्याने तेव्हा मान्य केले.

आता नव्या संहितेकडे पाहा. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या मसुदा नियमांत सामाजिक सुरक्षेच्या लाभासाठी एका कंपनीबरोबर वर्षात ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांबरोबर मिळून १२० दिवस काम झाल्याची अट आहे. कमाई कितीही थोडी असो, तो दिवस धरला जातो, ही त्यातली चांगली बाजू. पण कमाई शून्य असेल तर? आठ अर्ज केले, नमुन्याचे काम करून दिले, तिकडच्या मालकाशी मध्यरात्री बोलणे झाले आणि काम मिळाले नाही, तर तो दिवस कुठेच धरला जात नाही. म्हणजे या बाबतीत आपण १९५३ च्याही मागे गेलो.

दुसरा प्रश्न वर्गणीचा. संहितेनुसार ॲग्रीगेटरने, म्हणजे काम जुळवून देणाऱ्या कंपनीने, वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. ही वर्गणी कोणत्या सेवांना लागू, हे सांगणाऱ्या संहितेच्या सातव्या अनुसूचीत व्यावसायिक सेवा आणि आशय-माध्यम सेवा यांचाही समावेश आहे. परदेशी कंपनीकडून वसुली कशी करणार, असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. २०२० पासून भारताने परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांकडून दोन टक्के समानीकरण शुल्क घेतलेच होते. १ ऑगस्ट २०२४ पासून ते मागे घेतले, पण वसुली होऊ शकते हे तोवर दिसले होते. परदेशातून येणारी रक्कम कशासाठी आली, याचा कोडही बँकेत नोंदला जातो. फ्रीलान्सर शोधायला वेगळी जनगणना नको.

मोहल्ल्याची जागा मात्र कोणताही नियम भरून काढणार नाही. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या, कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायकांना त्यामुळे बँकेचे कर्ज मिळू लागले. ज्यांच्याकडे पगाराची पावती नव्हती त्यांची पत बँकेने मानली, कारण त्या गटाने उभ्या राहिल्या. आजच्या फ्रीलान्सरकडेही पगाराची पावती नसते. घरासाठी कर्ज मागायला गेला की तो अडतो आणि पैसे बुडवणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाशी एकटाच भांडतो. बेल्जियममध्ये ‘स्मार्ट’ ही फ्रीलान्सरांची सहकारी संस्था गिऱ्हाइकाकडून पैसे येण्याची वाट न पाहता सभासदाला मोबदला देते. सहकाराचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्रात अशी संस्था दादर-परळमध्ये उभी राहायला हरकत कसली? नोंदणीची कामे, करसल्ला आणि अडल्या महिन्याची उचल, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.