अंगठ्याखाली सव्वादोनशे मीटर जंगल

जंगलात एक कापडी निशाण टांगलेलं असतं. नारिंगी-पांढरं, तीन बाजूंचं, प्रत्येक बाजू ३० सेंटीमीटरची. धावपटूच्या हातातल्या नकाशाचं प्रमाण १:१५,०००. त्या प्रमाणात हे निशाण काढायचं म्हटलं तर ते भरेल ०.०२ मिलिमीटर. डोक्यावरचा केसही त्याहून तिपटीनं जाड असतो.

म्हणून नकाशावर त्याच्याभोवती ५ मिलिमीटरचं वर्तुळ काढतात. जमिनीवर ते ७५ मीटर रुंद होतं, म्हणजे जवळजवळ ४४ गुंठे! एकराहून मोठं रान, आणि त्यात एखाद्या दगडाआड लपलेलं ते निशाण.

हा खेळ ओरिएंटिअरिंगचा. १८९७ साली नॉर्वेत त्याची पहिली जाहीर स्पर्धा झाली. नकाशा, होकायंत्र आणि स्वतःचे पाय, एवढंच सामान. नकाशा उघडायचा तो घड्याळ सुरू झाल्यावरच. वाट आखलेली नसते; कंट्रोल, म्हणजे ही निशाणं, ठरलेल्या क्रमानं गाठायची आणि मधला रस्ता पळता पळता शोधायचा.

आपण कुठे आहोत हे हरवू नये म्हणून धावपटू नकाशावर त्या जागी अंगठा टेकवून पळतात. अंगठ्याची रुंदी दीड सेंटीमीटर धरली, तर त्याखाली २२५ मीटर जंगल झाकलं जातं. दलदल, खडक, पडलेली झाडं यांतून सेकंदाला ३ मीटर हा वेग धरू. मग नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे पाच सेकंदांचं धावणं.

शंभर मीटरच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात, तर ती चुकीची सुरुवात ठरते, कारण माणूस इतक्या लवकर ऐकून हलू शकत नाही असं नियम मानतो. डोळ्यांना दिसलेल्या खुणेवर हात हलवायला साधारण पाव सेकंद जातो. जंगलात तेवढ्यात पाऊण मीटर मागे पडतं. पण माझ्या मते खरा खर्च त्या पाव सेकंदाचा नाहीच. तो आहे नजर खाली घालण्याचा. समजा, दर दहा सेकंदांनी एक सेकंद नकाशा पाहिला. ९५ मिनिटांच्या लांब शर्यतीत ५७० वेळा मान खाली गेली. म्हणजे मुळं आणि निसरडे दगड यांच्यावरून १,७०० मीटर धावणं पायांखालची जमीन न पाहता झालं!

आणि हे सगळं करताना छातीत काय चाललेलं असतं?

आत्ता स्वस्थ बसून मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना नाडी किंचित घाईनं चालते, सोडताना रेंगाळते. ठोके मिनिटाला ६० असले, तरी प्रत्येक अंतर नेमकं १,००० मिलिसेकंदांचं नसतं. एक ९६०, पुढचं १,०४०. हृदयाची स्वतःची लय मिनिटाला शंभरच्या आसपास असते, व्हेगस नावाचा मज्जातंतू तिला लगाम घालतो, आणि तो लगाम दर श्वासाला सैल-घट्ट होतो. विश्रांतीत हा चढउतार जास्त असलेल्यांना लक्ष टिकवण्याच्या चाचण्या थोड्या बऱ्या जमतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

चढावर ठोके १७० वर गेले की लगाम सुटलेला असतो. दोन ठोक्यांमध्ये ३५३ मिलिसेकंद, आणि चढउतार उरतो जेमतेम काही मिलिसेकंदांचा. एका शर्यतीत असे सोळा हजारांवर ठोके. शरीर अगदी ताणलेलं असताना डोक्याला सर्वांत नाजूक काम करायचं असतं: तपकिरी समोच्च रेषांमधला एक बारीक बाक ओळखायचा. मला या खेळाचं अप्रूप वाटतं ते इथे. होकायंत्रात ५ अंशांची चूक झाली तर ४०० मीटरांवर माणूस ३५ मीटर बाजूला निघतो, वर्तुळाच्या अगदी काठावर. स्वित्झर्लंडच्या सिमोन निगली-लुडर यांनी जागतिक स्पर्धांमध्ये २३ सुवर्णपदकं मिळवली ती असलेच बाक पळता पळता वाचून.

फिनलंडमधली युकोला रिले जून महिन्यात रात्री ११ वाजता सुटते. संघात सात जण, आणि संघ दीड हजारांच्या घरात. पहिल्या फेरीला तेवढेच धावपटू कपाळावर दिवे बांधून एकदम रानात शिरतात, आणि पुढच्याच्या दिव्यामागे जावं की स्वतःच्या अंगठ्यावर विश्वास ठेवावा, हे प्रत्येकाला धापा टाकतच ठरवावं लागतं.

निशाण दिसलं तरी संपत नाही. त्यावरचा क्रमांक आपल्याजवळच्या कंट्रोलच्या यादीशी जुळवायचा. हे क्रमांक ३१ पासून पुढे असतात. शेजारच्याच खडकाआड दुसऱ्या कुणाचं कंट्रोल असू शकतं, आणि चुकीच्या ठिकाणी नोंद केली तर शर्यत बाद. १७० च्या ठोक्यांवर दोन-तीन आकडे वाचायचे, ते जुळले की नोंद करायची आणि अंगठा पुढच्या जागेवर सरकवायचा.